कवठे कुठलं? ट्रकवर नव्यानं बसणाऱ्यांसाठी

माझ्या हाताखाली नवा पोरगा आला की मी त्याला पहिला प्रश्न विचारतो: बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, नुसतं 'कवठे' लिहिलंय, गाडी पुण्यात उभी आहे, कुठं जाशील? दहातले आठ जण मोबाईल काढतात, नाव टाकतात आणि सगळ्यात वर आलेलं गाव दाबतात.

आमच्या दुसऱ्या गाडीवरच्या पोरानं खरंच असं केलं होतं. पुण्यातून बेदाण्याचे रिकामे बॉक्स भरले, ते १५ किलोचे पुठ्ठ्याचे असतात ते. मोबाईलनं त्याला जवळचं कवठे दाखवलं, म्हणजे वाई तालुक्यातलं. रात्री दोनला तिथं हायवेकडेला उभा राहून त्यानं ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन लावला. झोपेतल्या माणसानं सांगितलं, "तासगावचं रे, बेदाणा म्हटल्यावर अजून कुठलं असणार!" पोरगा सकाळी कवठे एकंदला हजर, दसऱ्याच्या शोभेच्या दारूचं ते गाव. तिथं बिल्टीवरच्या नावाचं कोल्ड स्टोरेजच नाही. माल उतरायचा होता कवठे महांकाळला, मिरज-पंढरपूर रस्त्यावर. मणेराजुरीवरून तो तिकडं पोचला तोवर हमाल जेवायला गेले होते. पिनकोड बिल्टीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला होता, तो ना पोरानं वाचला ना ऑफिसातल्या माणसानं. वरचं डिझेल मात्र पोराच्या भत्त्यातून कापलं गेलं, ते मला आजही पटत नाही.

त्यात मोबाईलची काही चूक नव्हती. त्याला जे विचारलं त्याचं त्यानं उत्तर दिलं.

मी १९९६ साली सांगलीत क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. टाटाची जुनी १२१०, मार्केट यार्डातून हळद भरायची आणि नवी मुंबईतल्या वाशीला टाकायची. माझ्या वस्तादाकडं रस्त्यांचा एक अ‍ॅटलास होता. पुठ्ठा कधीच गेलेला, पानं सुतळीनं शिवलेली, घाटांच्या पानांवर हळदीची बोटं. वस्तादाला इंग्रजी चार अक्षरांपलीकडं येत नव्हतं. तो नकाशा वाचायचा रंगांवरून आणि रस्ता वाचायचा दगडांवरून. डोक्याला पिवळा रंग असलेला किलोमीटरचा दगड म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्यमार्ग, काळा म्हणजे जिल्ह्याचा रस्ता. आता केशरी दगडही दिसतात, ते खेड्यांकडं जाणाऱ्या ग्रामसडकेचे. रात्री चुकून कुठं वळलो तर तो म्हणायचा, "उतर, दगड बघून ये." पिवळ्याचा हिरवा झाला तर ठीक, केशरी झाला तर तिथंच थांबायचं, पुढं दहा टायरी फिरवायला जागा मिळेलच असं नाही. हे आजही तसंच आहे आणि मोबाईलच्या पडद्यावर सगळे रस्ते जवळपास एकाच रंगाचे दिसतात.

दुसरी त्याची वही. शंभर पानी, शाळेची. सांगली ते वाशी हा पावणेचारशे किलोमीटरचा रूट त्यात चार पानांत होता. एक नोंद मला पाठ आहे: 'पेठ नाका, उजवीकडं पुणं. कराड. तासवडे. उंब्रजला हवा बघणे. आनेवाडी. खंबाटकी बोगदा, बाहेर पडताच वळण, गिअर आधीच खाली.' त्या बोगद्यानंतरच्या एस वळणावर किती गाड्या पलटी झाल्यात ते तुम्हाला साताऱ्यातला कोणीही सांगेल. तो जुना बोगदा फक्त साताऱ्याकडून पुण्याला जाणाऱ्यांसाठी, येताना घाटातून यावं लागायचं. त्यामुळं जातानाचं आणि येतानाचं पान वेगळं. नवा पोरगा एकदा गेला की त्याला वाटतं रस्ता कळला. अर्धाच कळलेला असतो.

कागदाचं फार कौतुक करावं असंही नाही. २०१० साली महामार्गांचे आकडे बदलले. चारचा अठ्ठेचाळीस झाला, नऊचा पासष्ट, सतराचा सहासष्ट. वस्तादाच्या अ‍ॅटलासमध्ये शेवटपर्यंत चारच राहिला. आम्ही जुने लोक अजून 'एन एच फोर'च म्हणतो, धाब्यावर तुम्हाला रस्ता सांगणाराही तसंच सांगेल, पाटीवर मात्र ४८ दिसेल. कागदावर चढ-उतार कळत नाही, नवा उड्डाणपूल येत नाही, आणि रात्री केबिनमधल्या त्या मिणमिणत्या दिव्यात अंतराचे बारीक आकडे वाचता वाचता डोळे फुटायची वेळ येते. अतिशयोक्ती सोडा, पण मला चष्मा तिशीतच लागला.

मोबाईलबद्दल एक समजून घ्या, कारण बऱ्याच पोरांचा गोंधळ होतो. तुम्ही कुठं आहात हे मोबाईलला इंटरनेट सांगत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली वेळ सांगत राहतात, तुमचा फोन किमान चार उपग्रहांचा सिग्नल पकडून स्वतःची जागा काढतो. फोन फक्त ऐकतो. इंटरनेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला आणि गर्दी कळायला. म्हणून रेंज गेली तरी निळा ठिपका चालत राहतो, फक्त खाली रस्ते नसतात, नुसता राखाडी कागद. कराडवरून कुंभार्ली घाटानं चिपळूणला जाताना कोयनानगरच्या पुढं हे हमखास होतं. उपाय सोपा: कराडात चहा पिताना त्या भागाचा नकाशा फोनमध्ये डाउनलोड करून ठेवायचा. घरच्या वायफायवर केला तर आणखी बरं.

बोगद्यात आभाळच नाही, तिथं ठिपका अडकतो. खोल घाटात आभाळ अरुंद, तिथं तो खालच्या वळणावरून वरच्या वळणावर उडी मारतो. आणि महामार्गावर मुख्य रस्ता नि सर्व्हिस रोड यांच्यात अंतरच इतकं थोडं की तुम्ही नेमके कुठल्या पट्ट्यात आहात हे त्याला ओळखता येत नाही. सातारा-कागल सहापदरीच्या कामात तर डायव्हर्जन आज एकीकडं, उद्या दुसरीकडं. तिथं मोबाईलमधली बाई 'सरळ जा' म्हणत असेल आणि समोर लाल-पांढरे ड्रम असतील तर ड्रमचं ऐकायचं.

आता माझी फजिती. २०१८ च्या उसाच्या हंगामात वाळवा तालुक्यात पेंड उतरवायला निघालो होतो. वीस-बावीस वर्षं गाडीवर घालवलेला माणूस, नवीन पोरांना शिकवणारा. मोबाईलनं डावीकडं वळवलं, वळलो. डांबर संपलं, कॅनॉलची पट्टी लागली, दोन्ही बाजूला ऊस इतका वाढलेला की आरशांना पाती घासत होती. मग एक मोरी आली, पाईप टाकून वर मुरूम पसरलेला. गाडीत माल, तिच्यावरून जाणं म्हणजे गाडी कॅनॉलात घालणं. थांबून फोन नीट बघितला तर वर स्कूटरचं चित्र. दुपारी माझ्या पोरानं बाजारात जायला दुचाकीचा रस्ता लावला होता आणि तो तसाच राहिला होता.

पाऊण तास मी गाडी रिव्हर्स घेतली. क्लीनर मागं बॅटरी घेऊन, "येऊ द्या, येऊ द्या, डावं मारा, बास!" मध्येच ऊस भरलेला ट्रॅक्टर समोरून आला, दोन ट्रॉल्या, मागं एक लाल दिवा नाही. त्या ट्रॅक्टरवाल्यानं मला शिव्या दिल्या नाहीत, उलट हसून म्हणाला, "मोबाईल लावून आलाय ना? या महिन्यातली तिसरी गाडी." त्या रात्री मला कळलं की हा नकाशा ज्यांच्यासाठी केलाय त्यात आपण नाही. त्यात कार आहे, दुचाकी आहे, पायी चालणारा आहे. आपली उंची, रुंदी, वजन त्याला माहीत नाही. दहा टायरीचं मालासह २८.५ टन पासिंग, ताडपत्रीसकट चार मीटरच्या घरात गेलेली उंची. रेल्वेखालच्या बोगद्याला लावलेला लोखंडी अडथळा त्याच्या हिशोबात नाही, सांगलीतला आयर्विन पूल १९२९ चा आहे हेही नाही. म्हणून पडद्यावरचं चित्र कारचं आहे का ते निघताना दरवेळी बघा, आणि कारचं असलं तरी ते कारचंच आहे हे लक्षात ठेवा.

वेळेचंही तसंच. तो सांगली-पुणे जितका वेळ दाखवतो त्यात मी निम्मा वेळ मिळवतो, भरलेली गाडी असेल तर. मालकाला फोनवर मोबाईलमधली वेळ सांगू नका, नंतर तीच तुमच्या गळ्यात पडते. ई-वे बिलाची, म्हणजे मालासोबतच्या ऑनलाइन कागदाची, मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते. घाटात अडकलात आणि मुदत संपत आली तर संपायच्या आधीचे आठ तास नि नंतरचे आठ तास, एवढ्यातच ती वाढवून घेता येते. तेव्हा उशीर होणार असं दिसलं की लगेच कळवा.

उताराबद्दल मोबाईल गप्प असतो. कात्रजचा नवा बोगदा सोडला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या, मग ब्रेक तापून निकामी झालेल्या गाड्यांनी तिथं किती माणसं मारली आहेत. पडद्यावर ती एक सरळ निळी रेषा दिसते. वस्ताद म्हणायचा, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. एवढं एक वाक्य तुम्ही माझ्याकडून घेतलं तरी पुष्कळ झालं.

आणि बंद रस्ते. गर्दीची लाल रेषा ही रस्त्यावरच्या लोकांच्या फोनवरून कळते. दरड कोसळून घाट बंद झाला, पोलिसांनी गाड्या खालीच अडवल्या, तर घाटात फोन नाहीत, मग लाल रेषा येणार कुठून? रात्री रिकामा घाट आणि बंद घाट पडद्यावर सारखेच दिसू शकतात. पावसाळ्यात वरंधा, आंबा, कुंभार्ली यातल्या कुठल्याही घाटाला हात घालण्याआधी पायथ्याच्या टपरीवर उतरून विचारायचं, घाटातून आत्ता कोणती गाडी खाली आली? 'आली' असं नुसतं सांगितलं तर किती वाजता, तेही विचारा.

कागदाचा नकाशा मी परत बाहेर काढला तो २०१९ च्या ऑगस्टात. सांगली पाण्यात होती, शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगा आली होती, आणि मी हुबळीचा माल घेऊन कराडच्या अलीकडं रांगेत उभा होतो. आजूबाजूची पोरं मोबाईलमध्ये आतले रस्ते शोधत होती, आणि मोबाईल शोधून देतही होता. मी बॉनेटवर महाराष्ट्राचा नकाशा पसरला. इकडं कृष्णा, मध्ये वारणा, पुढं पंचगंगा, तीन निळ्या रेषा. आतला कुठलाही रस्ता धरा, यातली एखादी तरी ओलांडावीच लागते, आणि आतल्या रस्त्याचा पूल हायवेच्या पुलापेक्षा बुटका असतो. फोनवर हे दिसत नाही, कारण त्या वीतभर पडद्यावर लांबचं बघायला गेलं की नद्या पुसट होतात. मी गाडी पंपावर लावली आणि कित्येक दिवस तिथंच भात शिजवून खाल्ला. आतून गेलेल्यांपैकी दोघं जण दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आले, पूल पाण्याखाली होता म्हणून.

ट्रकच्या लायसन्सचं थोडक्यात. त्याआधी हलक्या वाहनाचं किमान एक वर्ष जुनं हवं, वय वीस पूर्ण हवं. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, पण पाट्या वाचता येत नसतील तर ती सूट तुमच्या काही कामाची नाही. मराठी, हिंदी, थोडं इंग्रजी. जतवरून विजापूरकडं जाणार असाल तर एडक्के म्हणजे डावीकडं, बलक्के म्हणजे उजवीकडं, एवढं कन्नड शिकून घ्या. हात बघून कळतं म्हणाल, पण माणूस अंधारात ओट्यावर बसल्या बसल्या सांगतो.

मी सध्या काय करतो ते सांगतो. गाडी भरत असते, हमाल वर असतात, तेवढ्या अर्ध्या तासात केबिनमध्ये बसून आधी बिल्टी वाचतो: गाव, तालुका, जिल्हा, पिनकोड. माल घेणाऱ्याला स्वतः फोन करतो आणि दोनच गोष्टी विचारतो, दहा टायरी कुठल्या बाजूनं आत येते आणि वळायला जागा कुठं आहे. मग मोबाईलवर रस्ता लावून बोटानं शेवटपर्यंत सरकवत जातो, शेवटचे पाच किलोमीटर तर उपग्रहाच्या फोटोत बघतो. पत्र्याची शेड, झाडं, अरुंद गल्ली सगळं त्यात दिसतं, हे सुख वस्तादाला नव्हतं. त्यानंतर वहीत सहा-सात नावं लिहितो, जिथं वळायचं तेवढीच. फोन काचेला होल्डरमध्ये, आवाज चालू, आणि गाडी हलली की त्याला हात लावायचं काम क्लीनरचं. एकटे असाल तर बाजूला थांबून लावा.

माल घेणाऱ्याचा नंबर कागदावर वेगळा लिहून लायसन्सच्या पाकिटात ठेवतो. फोन बंद पडला तर नंबरही त्यातच अडकतो, हे मी वाशीच्या गेटवर पहाटे चारला शिकलो.

कवठ्याचा तो पोरगा आता स्वतःची गाडी चालवतो. मध्यंतरी त्याची वही बघायला मागितली. पहिल्या पानावर तिन्ही कवठी पिनकोडसकट लिहिलेली होती, आणि खाली वडगावांची यादी सुरू केली होती. ती अजून पुरी झालेली नाही.