उधळ्या पुत्राचा दाखला वाचताना
बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय उघडला की थेट उधळ्या पुत्रावर, म्हणजे वाटणीचा पैसा उधळून बापाकडे परतणाऱ्या धाकट्या मुलाच्या गोष्टीवर, उडी मारू नका. आधी पहिली दोन वचनं वाचा. येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री हे यहुदी धर्मपुढारी कुरकुर करतायत. येशूचा हा दाखला, म्हणजे बोधकथा, ऐकायला तेही उभे आहेत. मग पेन्सिल घ्या. 'मला मजुरासारखं ठेवा' हे वाक्य मुलगा 19व्या वचनात ठरवून ठेवतो, 21व्यात ते येतच नाही. बाप आधीच चाकरांना हुकूम सोडतो. अशा जागी मी समासात खूण करते. धाकटा परतल्याच्या मेजवानीत रागानं आत न जाणाऱ्या थोरल्या मुलासाठीही बाप बाहेर येतो, तिथेही एक. थोरल्याला प्रवचनात हमखास खलनायक करतात, मला ते पटत नाही. त्याचं गाऱ्हाणं एकदा मोठ्यानं वाचून बघा. तो आत गेला की नाही, लूक सांगत नाही. तुम्हीही ठरवून टाकू नका.