डॉक्टर हूमधल्या टीव्हीवर काय चालू असतं ते कसं बघायचं

डॉक्टर हू या बीबीसीच्या सायन्स फिक्शन सिरीयलमधे मधेच कोणीतरी टीव्ही लावतं आणि त्यावर खरोखरची ब्रिटिश सिरीयल चालू असते, पण आपण ती कधी बघितलेली नसते त्यामुळे सीन समोरून निघून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मला हे सीन फार आवडतात म्हणून सांगतो.

आधी मूळ सिरीयलची पाच-दहा मिनिटं बघून घ्या, जास्त नको. सुरुवात क्लँगर्सपासून करा. १९६९ ला बीबीसीवर सुरू झालेली लहान मुलांची सिरीयल, चंद्रासारख्या छोट्याशा ग्रहावर राहणारे गुलाबी लोकरीचे प्राणी, त्यांची भाषा म्हणजे नुसत्या शिट्ट्या. त्या शिट्ट्या कानात बसल्या की डॉक्टर हूची १९७२ ची गोष्ट द सी डेव्हिल्स लावा. डॉक्टरचा शत्रू मास्टर कैदेत आहे आणि क्लँगर्स बघतोय, त्याला ते खरे परग्रहावरचे जीव वाटतात, आणि तुरुंगाचा साहेब त्याला सांगतो की अहो या मुलांच्या बाहुल्या आहेत. लगेच त्याच्यामागे २००७ चा एपिसोड द साउंड ऑफ ड्रम्स बघा, मधला काही बघू नका. तोच मास्टर, आता नट जॉन सिम, टेलिटबीज ही लहान मुलांची सिरीयल बघतोय आणि त्यांच्या पोटातल्या टीव्हीचं कौतुक करतोय! मास्टर करणारा पहिला नट रॉजर डेल्गाडो १९७३ मधेच गेला, हे माहीत असेल तर तो सीन बघताना गळा दाटून येतो, माझा तरी येतो.

रिमेम्ब्रन्स ऑफ द डालेक्स (१९८८) बघताना सबटायटल्स चालू ठेवाच. गोष्ट नोव्हेंबर १९६३ च्या लंडनमधली. डॉक्टरची साथीदार एस, तिला घराच्या खिडकीत काळ्या लोकांना मज्जाव करणारी पाटी दिसते, ती बाहेर पडते, आणि मागे टीव्हीवर सांगत असतात की सव्वापाच वाजलेत, आता नवीन सायन्स फिक्शन सिरीयल डॉ... आणि सीन कट. डॉक्टर हूचा पहिला एपिसोड २३ नोव्हेंबर १९६३ ला लागला होता. पण नुसतं तेवढं पकडून खुश होऊ नका, पाटी आणि ती अनाउन्समेंट पाठोपाठ का ठेवलीये ते रिवाइंड करून बघा, त्या काळाच्या दोन्ही बाजू एका मिनिटात दाखवल्यात.

बॅड वुल्फला (२००५) मात्र तयारी जास्त लागते, द वीकेस्ट लिंक या क्विझ शोचा एक पूर्ण एपिसोड बघा, अ‍ॅन रॉबिन्सन ही सूत्रसंचालिका हरलेल्याला ज्या थंडपणे गुडबाय म्हणते ते ऐका. मग सन २,००,१०० मधला रोबोट तेच बोलतो तेव्हा भीती वाटते, कारण तो आवाज तिचाच आहे.

आर्मी ऑफ घोस्ट्स या एपिसोडसाठी एवढंच पुरे, की ईस्टएंडर्स या ब्रिटिश सिरीयलमधली पेगी मिचेल पबवाली आहे आणि नको असलेल्या माणसाला पबमधून हाकलणं ही तिची ओळख. इथे ती भुताला हाकलते.