सिंगल युजर मोडमध्ये व्हीआय का उघडेना

ऑगस्ट २०१६. नाशिकात गोदावरीला पूर, दुतोंड्या मारुती पाण्याखाली, आणि आमचे सर पंचवटीत अडकलेले. मी अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात, नोकरीला लागून जेमतेम दोन महिने. रात्री लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली. सकाळी ओपनबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवरचा फाइल सर्व्हर चालू केला, तर तो कुठला शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) हवा ते विचारत थांबलेला, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या सिंगल युजर मोडमध्ये. आदल्या संध्याकाळी एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना काय काय जोडायचं त्या यादीत, नव्या डिस्कची ओळ मीच टाकली होती, पार्टिशनचं अक्षर चुकवून. रीबूट करून न बघताच घरी गेलो होतो.

एंटर मारलं, शेल मिळाला. ती ओळ सुधारायला व्हीआय हा एडिटर उघडायला गेलो, तर 'नॉट फाउंड'. घामच फुटला. वाटलं, डिस्क गेली. सरांना फोन लावला.

"अरे, व्हीआय यूएसआरमध्ये असतो. यूएसआर माउंट केलंस का?"

नव्या लोकांची गोची इथेच होते. यूएसआर हे वेगळं पार्टिशन, आणि माउंट म्हणजे ते वापरायला जोडून घेणं. सिंगल युजरमध्ये फक्त रूट पार्टिशन हाताशी असतं, तेही रीड-ओन्ली. आधी रूटवर 'एफएससीके -पी' ही तपासणी, मग 'माउंट -यूडब्ल्यू' करून ते लिहिण्याजोगं करायचं. त्यानंतर यूएसआर तपासून माउंट करायचं.

तेवढं केलं. आता व्हीआय सापडला, पण टर्मिनल कुठलं ते कळेना म्हणून कुरकुरला. सर म्हणाले, "टर्म सेट कर. व्हीटी टू-ट्वेंटी." टर्म म्हणजे टर्मिनलचा प्रकार सांगणारं व्हेरिएबल. माझ्या खात्याला सी-शेल, त्यामुळे हात सवयीने त्यातल्या 'सेटएन्व्ह' कमांडवर गेला. पुन्हा नॉट फाउंड, कारण नुसतं एंटर मारलं की मिळतो तो साधा एसएच. मग कॅपिटलमध्ये टर्म, स्पेस, बरोबरचं चिन्ह, स्पेस असं टाइप केलं. आता म्हणे 'टर्म' नावाची कमांडच नाही! स्पेस दिली की शेल पहिला शब्द कमांड समजतो. शेवटी चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा न सोडता 'एक्सपोर्ट टर्म=व्हीटी२२०' लिहिलं आणि फाइल उघडली.

एरवी हे आपल्याला दिसतच नाही. गेटी हा प्रोग्राम लॉगिन मागतो तेव्हा ईटीसीमधल्या टीटीवायएस फाइलमधून टर्मिनलचा प्रकार उचलतो. सिंगल युजरमध्ये गेटीच नसतो, म्हणून ते काम आपल्या गळ्यात. आणि क्रम महत्त्वाचा: टर्मिनलांची माहिती यूएसआर/शेअरमध्ये असते. यूएसआर माउंट न करता टर्म कितीही वेळा सेट करा, उपयोग शून्य.

यूएसआरच उघडत नसेल तर? 'ईडी' हा ओळीओळीने चालणारा एडिटर शिकून ठेवा. तो बिनमध्येच असतो आणि त्याला टर्म लागत नाही. दिसायला रुक्ष आहे, पण चुकीची ओळ बाद करायला तिच्यापुढे हॅश टाकायला पुरतो. मीही तेव्हा तेवढंच केलं, फक्त व्हीआयमधून.

मग 'एक्झिट', आणि सर्व्हर पुढे बूट झाला. टर्म त्या शेलबरोबरच गेलं, पुढच्या वेळी पुन्हा हातानेच द्यायचं. लिनक्सवर मात्र 'इनिट' (बूट होताना सुरू होणारा पहिला प्रोग्राम) म्हणून थेट बॅश हा शेल देऊन आत शिरला असाल तर एक्झिट मारू नका, कर्नल पॅनिक होईल. तिथे 'एक्झेक' लिहून पुढे एसबिनमधल्या इनिटचा पाथ द्यायचा.