वेटरला टिप अशी द्या की ती त्याच्याच खिशात जाईल

धुळ्याला कॉलेजला होतो तेव्हा दीड वर्ष हायवेवरच्या एका हॉटेलात संध्याकाळी वेटरचं काम केलं. शेवभाजीची ताटं लावायची, रस्सा मागतील तितक्यांदा वाढायचा, कळण्याची भाकरी तव्यावरून उतरली की गार व्हायच्या आत टेबलावर पोचवायची. पगार ठरवताना शेठ म्हणाले, पगार कमी वाटत असेल पण वरची टिप सुटते ना भो. पहिला महिना भरला तेव्हा कळलं की टिप गल्ल्यावर जमा करायची आणि फुटलेल्या ग्लासांचे पैसे त्यातून कापून जे उरेल ते वाटायचं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून जेवढं माहितीये तेवढं इथे नीट लिहून ठेवतो, जेवायला जाणाऱ्यांसाठी, काम करणाऱ्या पोरांसाठी आणि हॉटेल चालवणाऱ्यांसाठी पण.

आधी गिऱ्हाइकाचं बघू. आता सगळेच स्कॅनर मारतात. बिल ३८० झालं की ४०० टाकायचे आणि वरचे राहू दे म्हणून उठायचं, आपल्याला वाटतं टिप दिली. पण स्कॅनर मालकाच्या खात्याचा असतो, ते वीस रुपये तिकडेच जमा होतात आणि त्यांचा वेगळा हिशोब बहुतेक ठिकाणी कोणी ठेवत नाही. मागे जळगावला जेवायला गेलो होतो तर वाढणाऱ्या पोराला विचारलं, स्कॅनरवर जास्तीचे टाकले तर तुला मिळतात का? त्याने आधी गल्ल्याकडे बघितलं, मग टेबल पुसता पुसता हळू आवाजात म्हणाला, "आम्हले नही भेटस दादा, शेठना खातामाच जास."

म्हणून बिल कसंही भरा, टिप मात्र रोख द्या. खिशात दहा-वीसच्या चार नोटा ठेवायची सवय लावून घ्या, भाजीवाल्याकडे किंवा पंपावर मोडून मिळतात. आणि नोट बडीशेपच्या वाटीत ठेवून निघून जाऊ नका, कारण वाटी कोण उचलेल ते सांगता येत नाही, कधी कॅप्टन, म्हणजे वेटरांचा वरचा माणूस, उचलतो, कधी सरळ गल्ल्यावर जाते. ज्याने वाढलं त्याला उठताना हातात द्या आणि 'हे तुला' असं तोंडाने म्हणा. एवढे दोन शब्द बोललं की नंतर कोणी त्या नोटेवर हक्क सांगायला आलं तर पोरगा म्हणू शकतो की गिऱ्हाइकाने मला दिलेत. नोट नसेलच तर त्याच्या स्वतःच्या नंबरवर पाठवा, पण हे गल्ल्यासमोर करू नका, काही ठिकाणी त्यावरून त्याला ऐकून घ्यावं लागतं.

किती द्यायचे याला आपल्याकडे नियम नाही. मी स्वतः साध्या खाणावळीत दहा-वीस देतो, घरचे सहा-सात जण जेवलो आणि पोराने पातोडीची भाजी, भरीत, परत परत भाकरी असं पळून पळून वाढलं तर शंभर देतो. पावसापाण्यात रात्री अकराला पोचलो आणि तरी चूल पुन्हा पेटवून दिली तर आणखी वर. जमत नसेल तर देऊ नका, पण मग नीट बोला, ए पोऱ्या करून हाक मारू नका, दादा म्हणा, भाऊ म्हणा. वाढणारा दिसायला अगदीच लहान असेल, चौदाच्या आतला, तर तिथे टिपचा प्रश्नच नाही, त्या वयाच्या पोराला हॉटेलात कामाला ठेवणं गुन्हा आहे, १०९८ ला फोन करा.

आता सर्व्हिस चार्ज. आपल्या भागात शेवभाजीच्या हॉटेलात तो नसतो, पण मोठ्या एसी हॉटेलात किंवा पुण्या-मुंबईला गेलात की बिलाच्या खाली हळूच पाच-दहा टक्के दिसतात. लोकांना वाटतं हा पण टॅक्सच. तसं नाहीये. जीएसटी सरकारचा, सर्व्हिस चार्ज हॉटेलचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला स्पष्ट सांगितलंय की हॉटेलने हा चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचा नाही, आणि देणार नाही म्हणून कोणाला आत येण्यापासून अडवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेल्या होत्या, २८ मार्च २०२५ ला कोर्टाने ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला. तर पैसे भरायच्या आधी मॅनेजरला शांतपणे सांगा, हा काढून नवीन बिल द्या. नाही म्हणाला तर बिलाचा फोटो काढा आणि १९१५ वर तक्रार नोंदवा. वाढणाऱ्या पोराशी भांडू नका, बिल त्याने बनवलेलं नसतं. आणि चार्ज काढून घेतलात तर त्यातले थोडे तरी त्याच्या हातात द्या, नाहीतर आपल्या हक्काच्या भांडणात नुकसान त्याचंच व्हायचं.

अमेरिकेत राहणारा माझा आतेभाऊ इकडे आला की म्हणतो तिकडे वीस टक्के टिप द्यावीच लागते, तुम्ही लोक काहीच देत नाही. त्याला मी सांगतो की तिकडची गोष्टच वेगळी आहे. तिथल्या केंद्रीय कायद्यात टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतं, बाकीचे टिपमधून भरून निघावेत अशी व्यवस्था, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. इतरांचं किमान वेतन ७.२५ डॉलर. टिपमधून तेवढं भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा असतो. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही पद्धत मोडून टाकली, तिथे मालकाला पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं आणि टिप त्याच्या वर. म्हणजे तिकडेही वाद हाच चाललाय की पोराचा पगार मालकाने द्यायचा की गिऱ्हाइकाने.

आपल्याकडे कायद्यात टिप पगारात धरायची सोयच नाही, आणि हीच गोष्ट हॉटेलात काम करणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत पाहिजे. 'टिप मिळते ना' म्हणून किमान वेतनापेक्षा कमी द्यायचा हक्क कोणत्याच शेठला नाही. किमान वेतनाचा कायदा १९४८ चा, आता त्याच्या जागी वेतन संहिता आली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू. महाराष्ट्रात हॉटेल कामगारांचे दर परिमंडळाप्रमाणे ठरतात, म्हणजे जळगाव शहराचा दर आणि धडगावसारख्या आडगावचा दर वेगळा असू शकतो, आणि विशेष भत्ता, म्हणजे त्यातला महागाईचा भाग, दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत बदलतो. म्हणून कोणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात, आपण ज्याला लेबर ऑफिस म्हणतो तिथे, चालू दर विचारा.

पोरांनो, आजपासून एक वही करा. पन्नास पानी चालेल. रोज तारीख, किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, उचल किती घेतली, खाडा कधी झाला. पगार मिळाला त्या दिवशी आकडा लिहा, जमलं तर पगार खात्यात मागा. माझ्याकडे तेव्हा अशी वही नव्हती, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेलो ते दोन दिवस महिनाअखेरीला पाच दिवस झाले आणि मला काही बोलता आलं नाही. नवीन संहितेत पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे, काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशोब पूर्ण करायचा आहे, आणि कमी पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. दावा झाला की पगार दिला हे सिद्ध करायचं काम मालकाचं. तरी वही ठेवाच.

मालकांना पण समजून घेतो मी, गॅस, तेल, डाळ सगळं वाढलंय, शेजारच्याने भाव नाही वाढवला तर आपण कसा वाढवायचा ही भीती खरी आहे. पण एकदा कागदावर मांडून बघा. दिवसाला १२० ताटं जात असतील आणि ताटामागे फक्त १० रुपये वाढवले तर रोजचे १,२०० होतात, महिन्याचे ३६,०००. नऊ माणसं असतील तर प्रत्येकाला ४,००० वाढ. बरेच लोक ओळखीचा वाढणारा पाहून येतात, दहा रुपयांनी गिऱ्हाईक तुटत नाही, वाढणारा पोरगा दर महिन्याला बदलला की मात्र तुटतं. टिपसाठी वेगळा स्कॅनर लावा, ज्याचा हिशोब वेटरच ठेवतील, आठवड्यातून एक दिवस सगळ्यांसमोर वाटा, त्यात मोरीवरच्यांना आणि तंदूरवाल्यालाही हिस्सा द्या, आणि त्यातून फुटलेल्या ग्लासाचे पैसे कापू नका.

राहिली लग्नसराई. केटरिंगला वाढायला येणारी पोरं ठेकेदाराची असतात, त्यांची दिवसाची मजुरी तोच देतो. टिप द्यायची असेल तर ठेकेदाराच्या हातात एकगठ्ठा देऊ नका. किती जण आलेत ते आधी मोजून घ्या, तेवढ्या नोटा सुट्ट्या करून ठेवा आणि शेवटची पंगत उठली की एकेकाच्या हातात द्या. भांडी घासणाऱ्या बायांना सगळ्यात आधी द्या, त्यांची रिक्षा लवकर निघते.