मंगळवारी जन्मलेला कोमला

परदेशातील वृत्तवाहिनीत निवेदक होऊ पाहणारी मुले सल्ला विचारायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ‘आपले इंग्रजी तिकडे चालेल का?’ असा असतो. मी त्यांना आधी बीबीसीचे दिवंगत निवेदक कोमला डुमोर यांच्या कारकिर्दीतील सालांचा हिशेब मांडायला सांगतो.

१९७२ साली घानाच्या अक्रा शहरात जन्मलेल्या डुमोर यांनी समाजशास्त्र आणि मानसशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि जॉय एफएम या खासगी केंद्रावर सुरुवात केली ती शहरातील वाहतुकीची खबरबात देण्यापासून. पुढे तेथील सकाळच्या कार्यक्रमाचे ते निवेदक झाले आणि २००३ चा घानातील सर्वोत्तम पत्रकाराचा पुरस्कार त्यांना मिळाला. बीबीसीत ते २००७ मध्ये दाखल झाले, म्हणजे मायदेशात सुमारे दहा वर्षे माईकसमोर घालवल्यानंतर. नवी मुले नेमकी हीच दहा वर्षे गाळून पुढे जाऊ पाहतात.

लंडनमध्ये आधी रेडिओ, मग २००९ मध्ये ‘आफ्रिका बिझनेस रिपोर्ट’चे पहिले निवेदक, आणि २०१२ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘फोकस ऑन आफ्रिका’ अशी त्यांची वाटचाल झाली. त्यांच्या बोलण्यातील घानाचे वळण लंडनला गेल्यावरही लपले नाही, आणि ते लपवण्याची गरजही नव्हती, कारण प्रेक्षकाला हवा असतो तो स्पष्ट उच्चार आणि विषयाची जाण असलेला माणूस. उसना हेल त्याला दोन वाक्यांत कळतो.

मी स्वतः एका परदेशी केंद्रावर रात्रपाळी करत असताना पश्चिम आफ्रिकेतील एका मंत्र्याचे नाव रोमन अक्षरांवरून अंदाजाने वाचले होते. बुलेटिन संपते न संपते तोच त्या देशातील एका सहकाऱ्याने येऊन ते तीनदा म्हणून दाखवले, तेही न रागावता, म्हणून अधिकच ओशाळल्यासारखे झाले. तेव्हापासून प्रत्येक परके नाव मी छापील कागदावर पेन्सिलीने देवनागरीत लिहून घेतो आणि प्रक्षेपण सुरू झाल्याचा दिवा लागण्यापूर्वी एकदा मोठ्याने म्हणतो. नावाचा अर्थही विचारावा, त्याने ते लक्षात राहते. घानात बोलल्या जाणाऱ्या एवे भाषेत ‘कोमला’ म्हणजे मंगळवारी जन्मलेला मुलगा. आपल्याकडे सोमा, बुधा अशी नावे ठेवतात, त्यातलाच हा प्रकार.

डुमोर १८ जानेवारी २०१४ रोजी लंडनमध्ये वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी गेले. त्यांच्या नावाने बीबीसीने आफ्रिकी पत्रकारांसाठी पुरस्कार सुरू केला, आणि पहिला मान युगांडाच्या नॅन्सी काचुंगिरा यांना मिळाला. हे आडनावही मी पेन्सिलीनेच लिहून घेतले होते.