गणवेशाचा लहान कारखाना : दर पाडण्याआधी या चुका टाळा

सोलापूर बाहेरच्यांना चादरी आणि टॉवेलमुळे ठाऊक असले, तरी शालेय गणवेशाच्या शिलाईतही या शहराचे नाव आहे, आणि तिथला वीस-पंचवीस मशिनांचा कारखाना मोठ्या कंपनीपुढे टिकतो तो केवळ स्वस्ताईच्या बळावर नव्हे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एखाद्या मापाचे चाळीस शर्ट कमी पडले, तर ते आठवड्याभरात हवे असतात, आणि एवढ्याशा रिपीट ऑर्डरसाठी मोठा कारखाना आपली शिलाईची चालू लाइन मोडत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दर उतरवण्यासाठी शिलाईच्या मजुरीला हात घालणे. समजा, एका शर्टाला १.४ मीटर कापड लागते आणि भाव मीटरला १२० रुपये आहे, तर कापडाचेच १६८ रुपये होतात. मजुरीतून नगामागे दोन रुपये वाचवायचे आणि ऐन मे महिन्यात कारागीर शेजारच्या कारखान्यात जाऊ द्यायचा, यापेक्षा कापडात पाच टक्के बचत केली तर ८ रुपये ४० पैसे सुटतात. ५८ इंच पन्हा म्हणून घेतलेल्या थानांपैकी काही ५७ इंचच भरतात. कटिंग मास्टर सगळ्यांना मिळून एकच मार्कर (एकावर एक अंथरलेल्या कापडाच्या थरांवर ठेवायची कापणीची आखणी) लावतो तो अर्थातच अरुंद थानाच्या मापाने, आणि रुंद थानांच्या प्रत्येक थरातला इंचभर पट्टा चिंध्यांत जातो. म्हणून माल उतरताच पन्हा मोजून थाने वेगळी लावावीत आणि प्रत्येक गटाचा मार्कर स्वतंत्र करावा.

पहिल्या धुण्यात पँट तोकडी झाल्याची तक्रार आली, तर दोष बहुधा शिलाईचा नसतो. कापडावर ५० सेंटीमीटरचा चौकोन आखून तुकडा धुवावा, वाळवावा, इस्त्री करून पुन्हा मोजावा, लांबी ४८.५ भरली तर कापड तीन टक्के आटते, म्हणजे ७० सेंटीमीटर लांबीची पँट सुमारे दोन सेंटीमीटर आखूड होणार. तेवढी वाढ पॅटर्नमध्येच, म्हणजे कापणीच्या कागदी नमुन्यातच द्यावी. एकाच कपड्यात शेडचा, म्हणजे रंगछटेचा फरक टाळण्यासाठी थरांना नंबरिंग करावे, म्हणजे एका थराचे भाग एकत्रच शिवले जातात, आणि प्रत्येक लॉटचा (एका वेळी रंगवलेल्या कापडाचा) तुकडा तारखेसह जपावा, कारण रिपीट ऑर्डरच्या वेळी तोच कामाला येतो.

माल वेळेवर निघत नसेल, तर मशिने वाढवण्याआधी काम कुठे साचते ते पाहावे. कॉलर बसवणाऱ्या एकाच कारागिराला नगामागे सहा मिनिटे लागत असतील, तर आठ तासांत ऐंशीच शर्ट निघतील, मग बाकीचे कितीही वेगाने शिवोत.

उरला उधारीचा प्रश्न, आणि इथे आपले लोक फार भिडस्त. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म वा लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळावेत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायदा सांगतो. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला ती प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मात्र चलनावर पोच, तारीख आणि सही घ्यायलाच हवी; ती नसेल, तर दिवस कधीपासून मोजायचे याच वादात हंगाम निघून जातो.