रेकॉर्डिंगचा सॅटेलाइट सेट-टॉप बॉक्स घेताय? आधी डिशकडून येणाऱ्या केबल मोजा

रेकॉर्डिंगची सोय असलेला सेट-टॉप बॉक्स कुठला घ्यावा, असं कुणी विचारलं की सल्ला ठरलेला असतो: 'मोठी हार्ड डिस्क बघ आणि घे.' हा सल्ला ऐकला की मला राग येतो. डिस्क लहान पडली तर जुनी रेकॉर्डिंग पुसून जागा करता येते. ट्यूनर (म्हणजे बॉक्समधला चॅनेल पकडणारा भाग) आणि केबलचा मेळ बसला नाही, तर मात्र रेकॉर्डिंग चालू असताना निम्मेअधिक चॅनेल लागतच नाहीत, आणि ते नीट करायला पुन्हा डिशपर्यंत चढावं लागतं. त्यामुळे बॉक्सच्या खोक्यावर काय छापलंय ते नंतर वाचू.

डिश बसलेली आहे, सिग्नल नीट येतो आणि टीव्हीला एचडीएमआय आहे, हे मी धरून चालतो.

कुठले चॅनेल बघायचे ते ठरवा

पैसे भरून सेवा घेणार असाल तर बॉक्स बहुधा त्याच सेवेचा घ्यावा लागतो. निवड त्यांच्या मोजक्या मॉडेलांपुरती उरते. मोफत चॅनेलच बघायचे असतील तर मोकळा, म्हणजे कुठल्याही सेवेशी न बांधलेला बॉक्स चालेल, फक्त तो डीव्हीबी-एस२ या सॅटेलाइट प्रक्षेपणाच्या मानकाचा हवा. हे मानक २००५ सालापासूनचं आहे. असा बॉक्स जुनं डीव्हीबी-एस प्रक्षेपणही पकडतो, उलट मात्र होत नाही. अल्ट्रा एचडी बघायचं असेल तर एचईव्हीसी (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) आहे का विचारा. नसेल तर चॅनेल यादीत दिसेल, चित्र उमटणार नाही.

ट्यूनर आणि केबल: इथे घाई करू नका

मला स्वतःला हा भाग समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण विकणारे 'दोन ट्यूनर आहेत' एवढंच सांगतात. एक कार्यक्रम रेकॉर्ड करत दुसरा बघायचा तर दोन ट्यूनर लागतात, हे खरंच. पण बॉक्समध्ये दोन ट्यूनर असणं आणि त्या दोघांना सिग्नल मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

डिशच्या समोरच्या दांड्यावर जो डबा बसवलेला असतो, तो एलएनबी. उपग्रहाचे चॅनेल त्याच्याकडे दोन पोलरायझेशनमध्ये, म्हणजे लहरींच्या दोन दिशांमध्ये येतात, व्हर्टिकल (उभी) आणि हॉरिझॉन्टल (आडवी). शिवाय केयू बँड या उपग्रह फ्रिक्वेन्सींचा पट्टा १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झ इतका रुंद आहे. घरात येणाऱ्या केबलमधून साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ एवढंच खाली आणायचं असतं. सगळं एकदम मावत नाही, म्हणून युनिव्हर्सल एलएनबी त्या पट्ट्याचे लो आणि हाय असे दोन भाग करतो. दोन पोलरायझेशन, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे एकूण चार हिस्से, आणि एका केबलमधून एका वेळी त्यातला एकच खाली येतो. चार टाक्यांना मिळून एकच नळ असावा, तसं हे आहे.

कुठला हिस्सा हवा ते बॉक्स त्याच केबलमधून वर कळवतो. १३ व्होल्ट पाठवले की व्हर्टिकल, १८ पाठवले की हॉरिझॉन्टल. सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन जोडला की हाय, नाही जोडला तर लो. आता एकाच केबलवर दोन ट्यूनर लावलेत आणि पहिला ट्यूनर १८ व्होल्टवर रेकॉर्डिंग करत बसलाय, असं समजा. दुसऱ्याला १३ व्होल्टचा चॅनेल हवा असेल तर तो मिळणार नाही. रेकॉर्डिंग संपेपर्यंत तुम्हाला त्याच हिश्श्यातले चॅनेल बघत बसावं लागेल. बॉक्स यात काहीच चुकीचं करत नसतो, तरी लोक बॉक्स बिघडला म्हणून परत करतात.

काही ठिकाणचे एलएनबी लो-हाय न करता एकाच भागाचे असतात. तिथे हिस्से चारऐवजी दोन होतात, पण अडचण तीच राहते.

यावर खात्रीचे उपाय मुख्यतः दोन आहेत.

पहिला म्हणजे दोन आउटपुटचा ट्विन एलएनबी आणि डिशपासून बॉक्सपर्यंत दोन स्वतंत्र केबल. जुनाट वाटला तरी मी शक्य तिथे हाच करतो, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. ट्विनऐवजी चार आउटपुटचा घ्यायचा तर 'क्वाड' घ्या, 'क्वाट्रो' नको. नावं सारखी असल्यामुळे दुकानात हमखास अदलाबदल होते. क्वाडचं प्रत्येक आउटपुट हवा तो हिस्सा देतं. क्वाट्रोच्या प्रत्येक आउटपुटवर एकच ठरलेला हिस्सा असतो, आणि तो इमारतीत मल्टिस्विच (एका डिशचा सिग्नल अनेक घरांना वाटणारा डबा) असेल तरच कामाचा. थेट बॉक्सला जोडलात तर पाऊण चॅनेल गायब.

दुसरा उपाय युनिकेबल. नवी केबल ओढणं अशक्य असेल तर हाच. यात एलएनबी प्रत्येक ट्यूनरला त्याची राखीव फ्रिक्वेन्सी देतो आणि मागितलेला चॅनेल तिथे आणून ठेवतो, म्हणून एकाच केबलवर अनेक ट्यूनर चालतात. २००७च्या ईएन ५०४९४ मानकात एका केबलवर ८ ट्यूनरपर्यंत सोय आहे, पुढच्या ईएन ५०६०७ मध्ये ३२ पर्यंत. एलएनबी आणि बॉक्स दोघांनाही तेच मानक कळलं पाहिजे, आणि सेटिंगमध्ये प्रत्येक ट्यूनरला वेगळा क्रमांक द्यायला हवा. एकच क्रमांक दोघांना गेला की दोन्ही ट्यूनर एकमेकांचे चॅनेल पाडत राहतात, आणि कधी पडतील याचा नेम नसतो.

'एक स्प्लिटर लावा, काम होईल' असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. स्प्लिटर सिग्नल वाटून कमी करतो, चार हिश्श्यांचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. एका ट्यूनरमधून दुसऱ्यात छोटी वायर टाकून देणाऱ्या लूपचंही तेच. टीव्हीवर दोन्ही ट्यूनरची सिग्नलपट्टी हिरवी दिसते, बसवणारा 'झालं' म्हणून निघून जातो, आणि खरी गोष्ट पहिल्या रेकॉर्डिंगला कळते.

म्हणून तो जायच्या आधी पाच मिनिटांची चाचणी करा. रिमोटवरून चॅनेलची माहिती उघडा. तिथे फ्रिक्वेन्सीच्या शेजारी पोलरायझेशनचं अक्षर दिसतं, व्ही किंवा एच. व्हीवाल्या एका चॅनेलचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि एचवाले चार-पाच चॅनेल लावून बघा. मग उलट करा. युनिव्हर्सल एलएनबी असेल तर ११.७ गिगाहर्ट्झच्या खालचा एक आणि वरचा एक, अशीही जोडी तपासा. सगळे लागले तरच दोन ट्यूनर खरे.

किती ट्यूनर घ्यावेत? एका टीव्हीच्या घराला दोन पुरतात, पण तीन मिळत असतील तर तीन घ्या. कारण टायमरपाशी सांगतो. आणि 'एका वेळी चार रेकॉर्डिंग' असा दावा दिसला की 'कुठलेही चार का?' हे विचारा. एकाच ट्रान्सपॉन्डरवरचे, म्हणजे उपग्रहावरून एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र येणारे अनेक चॅनेल एक ट्यूनर एकदम पकडू शकतो, आणि बरेच दावे त्या जोरावर केलेले असतात. तुम्हाला हवे असलेले चार चॅनेल एकाच ट्रान्सपॉन्डरवर असतील असं नाही.

हार्ड डिस्क

हे सोपं आहे. बॉक्स चित्र नव्याने दाबत नाही, प्रक्षेपणात जे येतं तेच डिस्कवर उतरवतो. चॅनेलचा वेग सेकंदाला किती मेगाबिट ते घ्या, ०.४५ने गुणा, तासाला लागणारे जीबी मिळतील. ८ मेगाबिटचा एचडी चॅनेल तासाला ३.६ जीबी खातो, म्हणजे १ टीबीत पावणेतीनशे तासांच्या आसपास. यातली काही जागा बॉक्स स्वतःसाठी राखतो. 'दर्जा कमी करून जास्त तास' हा पर्याय बहुतेक बॉक्समध्ये नसतोच, त्याची वाट बघू नका.

आवाज मात्र ऐकून घ्या. चालू कार्यक्रम थांबवण्याची सोय असते म्हणजे बॉक्स चालू असेपर्यंत डिस्कवर लिहिणं सुरूच असतं. झोपायच्या खोलीत ती घरघर असह्य होते. ही सोय बंद करता येते का आणि डिस्क पुढे बदलता येते का, हे दोन्ही विचारा. सतत लिहिण्यासाठी बनवलेली डिस्क असेल तर उत्तम.

रेकॉर्डिंग तुमचं किती, बॉक्सचं किती

पैसे भरून घेतलेल्या सेवांच्या बॉक्सवर रेकॉर्डिंग बहुतेक वेळा कुलूपबंद असतं आणि ते त्याच बॉक्सवर चालतं. डिस्क काढून संगणकाला लावली तर काही दिसत नाही. बॉक्स जळाला, बदलला किंवा सेवा बंद केली की साठवलेलं सगळं गेलं. घरातलं कुणी टीव्हीवर झळकलं असेल, तर ते रेकॉर्डिंग अशा बॉक्सच्या भरवशावर ठेवू नका. वाहिनीकडून प्रत मिळते का बघा. मोकळ्या बॉक्सवर मोफत चॅनेलचं रेकॉर्डिंग बहुधा बाहेर काढता येतं. मी माझ्या घरासाठी मोकळा बॉक्स घेतो तो याच कारणाने.

टायमर

कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत, म्हणून आधी दोन आणि नंतर दहा मिनिटं जादा धरावी लागतात. मग लागोपाठचे दोन कार्यक्रम वेगवेगळ्या चॅनेलवर असले तर ती दहा-बारा मिनिटं दोन्ही ट्यूनर अडकतात आणि तिसरा चॅनेल बघता येत नाही. तिसरा ट्यूनर लागतो तो इथे.

बॉक्स स्टँडबायवर टाकून टायमर लावा आणि तो आपला आपण जागा होऊन रेकॉर्ड करतो का, हे परत करण्याची मुदत संपायच्या आत बघा. सामना किंवा थेट सोहळा असेल तर नंतरची जादा वेळ तासभर ठेवा.

रिमोट हातात घेऊन बघा. रेकॉर्डिंगची यादी एका बटणावर उघडली पाहिजे.

आणि केबल ओढायला माणूस चढणारच असेल, तर त्याच खेपेत एक केबल जादा ओढून घ्या, टोकं बंद करून ठेवा. तिसऱ्या ट्यूनरला किंवा दुसऱ्या खोलीला तीच लागते.